मौनाचा गौरव कशासाठी? : युरी मांगातील प्रतीक आणि पूर्वसूचन

१

एखाद्या साहित्यप्रकाराच्या नावातच त्याच्या समीक्षेपुढचा सापळा मांडून ठेवलेला असावा, असे क्वचितच घडते. 'युरी' हे जपानी भाषेत लिलीच्या फुलाचे नाव. मुलींच्या अथवा स्त्रियांच्या परस्परप्रेमाची कथा सांगणाऱ्या जपानी चित्रकथांना, म्हणजे मांगांना, आज हेच नाव रूढ आहे. १९७६ साली 'बाराझोकु' या समलिंगी पुरुषांच्या मासिकाचे संपादक इतो बुंगाकु यांनी स्त्रीवाचकांच्या पत्रांसाठी एक सदर सुरू केले. मासिकाच्या नावात पुरुषांसाठी गुलाब होताच. त्याला जोड म्हणून स्त्रियांसाठी लिली निवडण्यात आली. ज्या संबंधाला नाव द्यावयाचे होते त्याला नाव न देता त्याच्या जागी एक फूल ठेवले गेले. अन्य साहित्यप्रकारांत आशय आधी असतो आणि प्रतीक त्याच्या सेवेला येते. येथे प्रतीकानेच आशयाची जागा घेतली आणि तिच्यावर स्वतःच्या नावाची पाटी लावली.

या साहित्यप्रकाराविषयी जे लिहिले-बोलले जाते त्यातील फार मोठा भाग ही पाटी वाचण्यातच खर्ची पडतो. कोणत्या चौकटीच्या पार्श्वभूमीवर कोणते फूल रेखाटले आहे, पुष्पभाषेच्या कोशात त्याचा अर्थ काय, रेल्वे फाटकाच्या कोणत्या बाजूला कोण उभी आहे, दोघींच्या हातांमध्ये किती अंतर आहे, आणि पहिल्या भागातील ही खूण आठव्या भागात कशी 'फळाला' आली, अशा प्रश्नांची उत्तरे शोधणे म्हणजेच युरी मांगाची समीक्षा, असा समज दृढ झाला आहे. या समजामागे एक मूल्यनिर्णय उभा आहे. युरीचे सौंदर्य तिच्या सूचकतेत आहे; जितके कमी उच्चारले जाईल तितकी कलाकृती श्रेष्ठ; प्रेमाचा स्पष्ट उच्चार झाला की तिची नजाकत संपली, असा तो निर्णय.

हा निर्णय तपासून नाकारण्याची गरज आहे. सूचकता हा येथे निव्वळ शैलीचा गुण नाही. ती एका बंदीची खूणही आहे. बंदीच्या खुणेलाच गुण मानणारी समीक्षा, तिचा हेतू कितीही रसिकतेचा असो, बंदीच्या बाजूने उभी राहते.

२

या खुणेचा इतिहास योशिया नोबुको यांच्या 'हाना मोनोगातारी' या कथामालेपासून पाहता येतो. 'शोजो गाहो' या मुलींच्या मासिकात १९१६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या या मालेत ५२ कथा आहेत आणि प्रत्येक कथेला एकेका फुलाचे नाव आहे. मुलींच्या शाळा, वसतिगृहे, ज्येष्ठ आणि कनिष्ठ विद्यार्थिनींमधील उत्कट ओढ, आणि वाक्यावाक्यातून पेरलेल्या टिंबांच्या व आडव्या रेषांच्या ओळी, असे या कथांचे रूप आहे. इंग्रजी 'सिस्टर' या शब्दाच्या आद्याक्षरावरून अशा संबंधाला 'एस' म्हणत. शब्दाच्या जागी फूल, वाक्याच्या जागी टिंबे आणि संबंधाच्या जागी एक अक्षर. काही सांगावयाचे आहे परंतु सांगता येत नाही, हे या लेखनाचे व्याकरणच बनले.

ते का बनले, याचे एक उत्तर काव्यशास्त्राबाहेर मिळते. १९११ साली टोकियोच्या एका उच्च कन्याशाळेतून शिक्षण पूर्ण केलेल्या दोन तरुणींनी निइगाता प्रांताच्या किनाऱ्यावर एकत्र जीव दिला. त्यानंतर वृत्तपत्रांत आणि वैद्यकीय लेखनात मुलींच्या मैत्रीची उघड वर्गवारी सुरू झाली. एक निरागस, क्षणिक आणि म्हणून क्षम्य; दुसरी विकृत आणि धोकादायक. या वर्गवारीत फूल हे परवान्यासारखे उपयोगी पडले. जोवर संबंध फुलासारखा होता तोवर तो निरागस होता. मात्र ज्याला फूल म्हटले त्याला उमलण्याबरोबर कोमेजणेही लावून दिलेले असते. शाळेला दीक्षान्त असतो आणि दीक्षान्तानंतर विवाह असतो. म्हणजे युरीच्या परंपरेत फूल हे प्रतीकही आहे आणि पूर्वसूचनही. ते प्रेमाची सूचना देते त्याच क्षणी त्याच्या अंताचीही सूचना देते. या दोन सूचना वेगळ्या करता येत नाहीत, हे पुष्पभाषेच्या कोशात अर्थ शोधणाऱ्या समीक्षेच्या लक्षात येत नाही.

योशिया यांचे स्वतःचे आयुष्य मात्र या पूर्वसूचनेला जुमानले नाही. मोन्मा चियो या आपल्या सहचरीबरोबर त्यांनी सुमारे अर्धशतक संसार केला आणि कायद्याने दुसरा मार्ग ठेवला नसल्यामुळे १९५७ साली त्यांना दत्तक घेऊन कुटुंबाचे नाते मिळवले. १९२० च्या 'यानेउरा नो निशोजो' या कादंबरीतील दोन तरुणीही माळ्यावरच्या खोलीतून बाहेर पडतात त्या एकत्र जगण्याचा निश्चय करून. गळणाऱ्या पाकळ्यांची योशिया परंपरेने जपली. हा निश्चय लिहिणारी आणि तो जगणारी योशिया तिला तितकीशी सोयीची वाटली नाही.

मांगाच्या क्षेत्रात हा वारसा अधिक कठोर होऊन आला. यामागिशी र्योको यांची 'शिरोई हेया नो फुतारी' (१९७१) ही या परंपरेतील पहिली मांगा मानली जाते. फ्रान्समधील वसतिगृहात राहणाऱ्या रेझिन आणि सिमोन शाळेच्या नाटकात रोमिओ आणि ज्युलिएट होतात. नाटकाची निवड झाली तेथेच निकाल लागला आहे. रेझिन लोकापवादाला भिऊन दूर होते आणि सिमोन मरते. इकेदा रियोको यांच्या १९७४ मधील 'ओनिइसामा ए' या मांगात आसाका रेइ या मुलीला शाळेत 'सँ-जुस्त' म्हणतात. १७९४ साली वयाच्या सव्विसाव्या वर्षी गिलोटिनखाली गेलेल्या फ्रेंच क्रांतिकारकाचे हे नाव. नावाबरोबर मरणही दिले जाते, आणि कथानक ते यथाकाल वसूल करते. सत्तरच्या दशकातील अशा कथा शोकान्ताकडेच वळतात, याची नोंद फुजिमोतो युकारी यांनी १९९८ सालच्या आपल्या ग्रंथात केली आहे. मराठी वाचकालाही हा शेवट अपरिचित नाही. तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मधील मित्राची वाटही तेथेच संपते.

या कथांतील पूर्वसूचनेला 'कलात्मक' म्हणताना एक गोष्ट विसरली जाते. अन्य कथांमध्ये पूर्वसूचन अनेक शक्यतांपैकी एकीकडे बोट दाखवते. या कथांमध्ये शक्यता एकच होती. जेथे शेवट एकच असू शकतो तेथे पूर्वसूचन हे कौशल्य उरत नाही. ती शिक्षेची आगाऊ बजावलेली नोटीस असते.

३

सूचकतेचा कैवार घेणाऱ्यांच्या बाजूने सर्वांत भक्कम युक्तिवाद भारतीय काव्यशास्त्रातून करता येईल. नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त व्यंग्यार्थाला काव्याचा आत्मा ठरवले. पुढे मम्मटाने तर काव्याची प्रतवारीच लावली : व्यंग्यार्थ प्रधान असेल ते उत्तम, गौण असेल ते मध्यम, नसेल ते अवर. ही प्रतवारी मान्य केली तर अनुच्चारित प्रेमाची मांगा उत्तम आणि उच्चारित प्रेमाची त्याहून खालची, हे ओघानेच आले.

परंतु 'ध्वन्यालोका'तील सर्वांत प्रसिद्ध उदाहरणाकडेच पाहावे. ते हालाच्या 'गाथासप्तशती'तील, महाराष्ट्री प्राकृतातले, गोदावरीकाठचे आहे. एक स्त्री एका धार्मिक पुरुषाला सांगते की त्याने आता खुशाल हिंडावे, कारण त्याला त्रास देणाऱ्या कुत्र्याला नदीकाठच्या जाळीत राहणाऱ्या मत्त सिंहाने मारले आहे. वाच्यार्थ येण्याची परवानगी देतो, व्यंग्यार्थ येण्यास मनाई करतो. कारण त्या जाळीत तिचे संकेतस्थान आहे. शतकानुशतके रसिकांनी या गाथेतील ध्वनीची वाहवा केली. या स्त्रीला सरळ बोलता का येत नाही, हा प्रश्न मात्र काव्यशास्त्राच्या चर्चेत गौणच राहिला. तिची व्यंजना अलौकिक आहे याबद्दल वाद नाही. पण ती व्यंजना तिने हौसेने निवडलेली नाही. वाच्यार्थाची वाट बंद होती म्हणून तिने व्यंग्यार्थाची वाट शोधली. तिच्या चातुर्याचे कौतुक करताना बंद वाटेचेही कौतुक करणे, ही रसिकतेची नव्हे तर विस्मृतीची खूण आहे.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो दुर्लक्षणीय नाही. चौकटीभर फुले, डोळ्यांतील तारे, वाऱ्यावर उडणारे केस, अंतर्मनाचे तरंगते शब्द, ही तर मुलींसाठीच्या सर्वच मांगांची, म्हणजे शोजो मांगाची, सामायिक भाषा आहे. मुलगा आणि मुलगी यांच्या प्रेमकथेतही पार्श्वभूमीवर गुलाब फुलतातच. मग युरीतील फुलांनाच बंदीची खूण का म्हणावे? याचे उत्तर फुलांच्या संख्येत नसून त्यांच्या कार्यात आहे. मुलगा-मुलीच्या कथेत फूल येणाऱ्या उच्चाराची वर्दी देते. कथा कधीतरी त्या उच्चाराशी पोहोचणार, याची खात्री वाचकाला असते. जुन्या युरी कथेत फूल त्या उच्चाराच्या ऐवजी येते. एकीकडे ते अलंकार आहे, दुसरीकडे ते प्रतिनिधी आहे, आणि ज्याचा तो प्रतिनिधी आहे त्याला सभागृहात प्रवेश नाही. चिन्ह एकच, पण चिन्हव्यवस्थेतील त्याचे स्थान वेगळे. हा भेद न पाहणारी समीक्षा फुले मोजू शकेल, वाचू शकणार नाही.

४

पूर्वसूचनेला जपानी भाषेत 'फुकुसेन' म्हणतात; शब्दशः, आडवी पडून लपलेली रेषा. तिच्या जोडीला आज एक दुसरा शब्दप्रयोग अतिशय रूढ आहे : 'फुकुसेन काइशू', म्हणजे पेरलेल्या सूचनांची वसुली. शब्द हिशेबाचा आहे आणि वाचनही हिशेबाचेच घडते. लेखकाने किती सूचना पेरल्या, त्यांतील किती वसूल झाल्या, किती बाकी राहिल्या, यावरून कलाकृतीचे मोल ठरते. रहस्यकथेच्या बाबतीत असे वाचन काही अंशी योग्य असेल. तेथे खून आणि खुनी यांचा हिशेब लागावाच लागतो. प्रेमकथेत ते लागू केले की प्रेमालाच गुन्ह्याचे स्थान प्राप्त होते.

युरीच्या बाबतीत हे अधिकच खरे ठरते. मुलगा आणि मुलगी यांनी पहिल्या चौकटीत एकमेकांकडे पाहिले की वाचकाला पुरावा पुरतो. दोन मुलींच्या बाबतीत मात्र साक्षीपुराव्यांची मागणी सुरू होते : हा कटाक्ष, ही छत्री, हा केसांत माळलेला चाफा, हे दोन पेल्यांतले चहाचे समान अंतर. प्रेम सिद्ध करण्याचा भार ज्यांच्यावर टाकला जातो त्या पात्रांना कनिष्ठ नागरिकत्व दिलेले असते. उलट पुराव्यांचा ढीग रचूनही उच्चार झालाच नाही, तर तीच समीक्षा त्या अभावाला संयम म्हणते. पुरावे दिले तर ते सूक्ष्म, कबुली न दिली तर ती तरल. दोन्ही बाजूंनी मौनाचेच पारडे जड राहते. अशा संदिग्धतेत व्यवसायाचीही सोय आहे. ज्याला प्रेम पाहावयाचे आहे त्याला ते दिसते, ज्याला पाहावयाचे नाही त्याला मैत्री दिसते, आणि एकच पुस्तक दोघांनाही विकता येते. या सोयीला सौंदर्यशास्त्राचे नाव देण्याचे समीक्षेला कारण नाही.

५

गेल्या दोन दशकांतील महत्त्वाच्या युरी मांगांनी या समीक्षेला मागे टाकले आहे, आणि तेही प्रतीकांचा त्याग करून नव्हे. त्यांनी प्रतीकांची बदली केली आहे. प्रतिनिधीच्या जागेवरून त्यांना साध्या नागरिकांच्या जागी आणून बसवले आहे.

शिमुरा ताकाको यांची 'आओई हाना' (२००४–२०१३), म्हणजे 'निळे फूल', ही कामाकुरा परिसरात घडते. शीर्षक नोव्हालिसच्या निळ्या फुलाची, जर्मन स्वच्छंदतावादातील त्या अप्राप्य ध्येयाची आठवण करून देते. तिच्यावर आधारित २००९ च्या चित्रपट-मालिकेच्या पहिल्या भागाचे शीर्षकच 'हाना मोनोगातारी' आहे. वारसा असा उघड मांडलेला आहे. येथेही शाळेचे नाटक आहे, 'वदरिंग हाइट्स'; आणि फुमी जिच्या प्रेमात आहे ती सुगिमोतो यासुको हीथक्लिफची भूमिका करते. १९७१ च्या व्याकरणाने वाचले तर शेवट मृत्यूत व्हावयास हवा. प्रत्यक्षात यासुकोशी असलेला संबंध तुटतो, एवढेच. कुणी मरत नाही, आणि कथा पुढे चालू राहते. याहून निर्णायक गोष्ट पुढे घडते : आपले पहिले प्रेम तूच होतीस, हे फुमी आपल्या बालमैत्रिणीला, आकिराला, स्पष्ट शब्दांत सांगते. उच्चाराने कला संपते असे मानणाऱ्यांनी या प्रसंगानंतरची प्रकरणे पुन्हा वाचावीत. उच्चारानंतरच आकिराची अनिश्चितता सुरू होते. फुमीला काय वाटते हे आता ठाऊक आहे, पण स्वतःला काय वाटते हे आकिराला ठाऊक नाही. न बोललेल्या शब्दाभोवती एकच धुके असते; बोललेल्या शब्दाभोवती दोन माणसांची दोन वेगळी मने असतात. खरी गुंतागुंत दुसऱ्या ठिकाणी आहे.

ताकाशिमा हिरोमी यांच्या 'आसागाओ तो कासे-सान' या मालेत फुलाची बदली अगदी शब्दशः झाली आहे. यामादा ही शाळेतील झाडाझुडपांची काळजी घेणारी मुलगी. कासे ही धावपटू. आणि शीर्षकातील 'आसागाओ' म्हणजे पहाटे उमलून दुपारपर्यंत मिटणारी वेल, आपल्याकडची गारवेल जिच्या कुळातली. पुष्पभाषेचा कोश हातात घेतलेला समीक्षक येथे क्षणभंगुर प्रेमाचे भाकीत करील. पण यामादाला ते फूल पेरावे लागते, त्याला पाणी घालावे लागते, माती खणावी लागते. जो बागेत काम करतो त्याच्या दृष्टीने फूल गळणे हा शेवट नसतो. त्यानंतर बी धरते आणि पुढच्या वर्षी ते पेरता येते. ही कथा दीक्षान्तापाशी थांबत नाही, दोघींच्या टोकियोतील महाविद्यालयीन जीवनात जाते. पुढील पुस्तकांच्या शीर्षकांत फुलाच्या जागी जेवणाचा डबा, केक, एप्रन येत जातात. क्षणभंगुरतेच्या प्रतीकाची जागा रोजच्या वापरातील वस्तू घेतात, हे या मालेचे न बोलता केलेले भाष्य आहे.

या वादाला सर्वांत थेट उत्तर मात्र नाकातानी निओ यांच्या 'यागाते किमी नि नारु' (२०१५–२०१९) या आठ खंडांच्या मांगाने दिले आहे. कोइतो युउ हिला प्रेमगीतांतील आणि मांगांतील शब्दांचे अर्थ कळतात, पण ते शब्द तिचे होत नाहीत. म्हणजे पहिल्याच पानांपासून प्रश्न चिन्हव्यवस्थेचा आहे. दुसऱ्या प्रकरणात रेल्वे फाटकापाशी, गाडी धडधडत जात असताना, नानामी तोको तिचे चुंबन घेते. फाटक, गाडी, जगापासून झालेली क्षणिक आडोशाची सोय. परंपरेतील सर्व चिन्हे येथे हजर आहेत. आणि युउला काहीही वाटत नाही. जुन्या कथेत भावना भरलेली असे आणि शब्द नसे. येथे चिन्ह पूर्ण भरलेले आहे आणि भावना नाही. प्रतीक म्हणजे प्रेमाचा पुरावा, हे समीकरण लेखिकेने एका चौकटीत मोडीत काढले आहे.

पुढे मौनाचेही असेच होते. तोकोला युउचे सान्निध्य हवे आहे, पण युउने आपल्या प्रेमात पडू नये ही तिची अट आहे. युउ हळूहळू प्रेमात पडते आणि अटीमुळे गप्प राहते. नदीच्या पात्रातील दगडांवरच्या प्रसंगात ती तोकोला नाटकाचा हट्ट सोडण्यास सुचवते, आणि नकार मिळताच स्वतःचा शब्द गिळते. या भागाच्या शीर्षकातच शब्द कोंडण्याचा आणि शब्दांनी कोंडण्याचा उल्लेख आहे. सूचकतेचा चाहता येथे दोघींमधले दगड मोजील. परंतु लेखिका जे दाखवते ते मौनाचे सौंदर्य नाही, मौनाची किंमत आहे, आणि ती कोण भरते हेही ती दाखवते.

यानंतर नाटकातले नाटक येते. तोको आपल्या दिवंगत बहिणीच्या जागी उभी राहू पाहते आहे. विद्यार्थी मंडळाच्या नाटकात ती स्मृती गमावलेल्या मुलीची भूमिका करते. भोवतालची माणसे त्या मुलीची वेगवेगळी रूपे सांगतात, आणि मूळ संहितेच्या शेवटी ती प्रियकराने सांगितलेले रूप स्वीकारते. युउ हा शेवट लेखिका-मैत्रिणीकडून बदलून घेते. नव्या शेवटात ती मुलगी कुणीही सांगितलेले रूप न निवडता आजची स्वतः म्हणून उभी राहते. १९७१ मध्ये नाटकाने पात्रांचे भवितव्य ठरवले होते. येथे पात्रे नाटकाचा शेवट ठरवतात. प्रयोगानंतर युउ आपला शब्द उच्चारते, आणि तो उच्चार कथेचा रसभंग करीत नाही, कथेला तिचा विषय मिळवून देतो.

६

पूर्वसूचनेला कथानकावर इतका अंमल का द्यावा, हा प्रश्न केवळ मांगाचा नाही. भरतपरंपरेत पूर्वसूचनेसाठी 'पताकास्थानक' ही संज्ञा आहे. तिचे प्रसिद्ध उदाहरण भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त सापडते : सीतेचा विरह तेवढा असह्य, असे राम म्हणतो न म्हणतो तोच प्रतीहारी येऊन कुणीतरी उपस्थित झाल्याची वर्दी देते. येणारा दुर्मुख असतो. त्याच्याबरोबर विरहच आत येतो. पूर्वसूचनेचे याहून नेमके उदाहरण दुर्मीळ. परंतु त्याच भवभूतीने रामायणाचा शेवट स्वीकारला नाही. सातव्या अंकात त्याने वाल्मीकीचे नाटक रामापुढे उभे केले आणि त्या नाटकातून, मूळ कथेत नसलेले, पुनर्मीलन घडवले. पूर्वसूचना खरी ठरली, विरह आला. पण शेवटचा शब्द तिचा ठरला नाही.

थोर कवीला हे स्वातंत्र्य देणारी परंपरा दोन शाळकरी मुलींच्या कथेला ते नाकारते तेव्हा आक्षेप कलेचा नसतो. तो विषयाचा असतो, आणि कलेच्या वेषात येतो. फुलांचे अर्थ सांगणे, सूचनांची जुळणी दाखवणे हे समीक्षेचे काम आहेच. त्यावाचून या चित्रकथा वाचताच येणार नाहीत. पण त्या कामाच्या पुढे एक प्रश्न असतो : हे फूल कोणत्या शब्दाच्या जागी उभे आहे, आणि त्या शब्दाला तेथे येण्यास कोणी मज्जाव केला? हा प्रश्न न विचारता केलेले प्रतीकवाचन पहारेकऱ्याच्या किल्ल्यांच्या किणकिणाटाला संगीत म्हणते.